आपल्या ओट्याचा दगड



आज शाळेतून घरी गेलात की एक छोटासा प्रयोग करा. स्वयंपाकघरातील ओट्याची एक मोकळी जागा कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या. तिथे चमचाभर पाणी सांडा आणि घड्याळ पाहून दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग ते पाणी टिपून घ्या. जागा पूर्वीसारखीच दिसते का? की जिथे पाणी होते, तिथे दगड काळसर, ओलसर दिसतो?

जागा काळसर दिसली तर घाबरू नका. तासा-दोन तासांत ती वाळेल आणि दगड पुन्हा पहिल्यासारखा होईल. पण तुम्हांला एक गोष्ट कळली असेल. तुमच्या ओट्याचा दगड पाणी पितो.

दगड पाणी पितो, हे ऐकायला विचित्र वाटते. मातीचा माठ पाणी पितो, हे आपण रोज पाहतो. माठ बाहेरून ओला होतो, कारण त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. अशा वस्तूला सच्छिद्र म्हणतात. दगडही थोडाफार सच्छिद्रच असतो. त्याची छिद्रे माठाच्या छिद्रांपेक्षा पुष्कळ बारीक आणि पुष्कळ कमी असतात, एवढाच फरक. त्यामुळे पाणी आत जायला वेळ लागतो. मात्र जिथे पाणी जाते, तिथे पाण्यात विरघळलेली हळदही जाते, चहाही जातो. तेलसुद्धा हळूहळू मुरते. पाणी वाळून जाते. हळद आणि तेल मात्र आतच राहतात.

स्वयंपाकघराच्या ओट्याला रोज काय काय सोसावे लागते, ते आठवून पाहा. चिंचेचा कोळ सांडतो, फोडणीचे तेल उडते, लिंबू कापले जाते, गरम पातेले आदळले जाते, सुरी घासली जाते. हे सगळे सोसून ओटा वर्षानुवर्षे चांगला राहावा, असे आपल्याला वाटते. त्यासाठी आधी दगडाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण सगळे दगड सारखे नसतात. एका दगडाला जे चालते, त्याने दुसऱ्याचे नुकसान होते.

आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा दगड म्हणजे काळा पाषाण. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर पसरून थंड झाला आणि त्याचाच हा दगड बनला. पाटा-वरवंटा, जाते, उखळ या वस्तू त्याच दगडाच्या. पाथरवट, म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला संगतराश म्हणता तो कारागीर, त्यांना टाकी लावून खरखरीत करी. पाट्याची देखभाल फार सोपी होती. वाटण झाले की तो धुवायचा आणि भिंतीला टेकवून उभा वाळत ठेवायचा. कोणी त्याला पॉलिश केले नाही, की कोणाला त्यावरच्या डागांची काळजी वाटली नाही.

पण ओट्याला सपाट, रुंद आणि गुळगुळीत फरशी लागते. ती बहुधा बाहेरून येते. फरशी हा शब्द तुम्हांला परका नाही. फर्श या शब्दावरूनच तो मराठीत आला आहे. करड्या रंगाची शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्ह्यातल्या शहाबादची. काळा कडाप्पा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातला. हिरवट-निळसर कोटा फरशी राजस्थानातल्या कोट्याकडची. या तिन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत.

चौथा दगड संगमरवर. हे नाव तर तुम्ही ऐकताक्षणी ओळखले असेल. तुमचा संग-ए-मरमर मराठीत आला आणि संगमरवर झाला. ताजमहालाचा पांढराशुभ्र संगमरवर राजस्थानातील मकराण्याच्या खाणींतून आला होता. संगमरवरही मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब यांमुळे चुनखडीचे रूप पालटते आणि संगमरवर तयार होतो. म्हणजे शहाबादी, कडाप्पा, कोटा आणि संगमरवर ही एकाच कुटुंबातली भावंडे आहेत. दिसायला वेगळी असली तरी स्वभाव एकच. तो स्वभाव कसा आहे, हे पुढे सांगतो.

पाचवा दगड ग्रॅनाइट. हा या कुटुंबातला नाही. जमिनीखाली खूप खोलवर तप्त रस अतिशय सावकाश थंड झाला, की त्यात मोठे मोठे स्फटिक तयार होतात. ग्रॅनाइटच्या तुकड्याकडे जवळून पाहा. त्यात काचेसारखे चमकणारे क्वार्ट्झ, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि अभ्रकाचे काळे कण वेगवेगळे दिसतात. बाजारात काळ्याभोर दगडालाही ग्रॅनाइटच म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र त्यांतल्या पुष्कळ दगडांना ग्रॅनाइट मानत नाहीत. ते त्यांना गॅब्रो किंवा डोलेराइट अशी नावे देतात. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळ चिमकुर्ती येथे सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड निघतो. तोही असाच. पण दुकानात जाऊन कोणी ‘गॅब्रो दाखवा’ असे म्हणत नाही, म्हणून आपणही ग्रॅनाइटच म्हणू.

आता स्वभावाकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिक मोस याने 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिरे पहिले आणि सर्वांत कठीण हिरा दहावा. चुनखडी आणि संगमरवर या श्रेणीत 3 च्या आसपास येतात. ग्रॅनाइट 6 ते 7 च्या दरम्यान येतो. पोलादी सुरी साधारण 5.5. यावरून काय होते पाहा. सुरी संगमरवरावर ओरखडा काढते. ग्रॅनाइटवर मात्र सुरीचीच धार जाते. म्हणून भाजी चिरायला दोन्हींवर लाकडी पाट हवाच. एकीकडे दगडासाठी, दुसरीकडे सुरीसाठी.

ओरखड्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे आंबट पदार्थ. अंड्याचे रिकामे कवच वाटीत ठेवा आणि त्यावर सिरका ओता. कवचावर बारीक बुडबुडे येऊ लागतील. दुसऱ्या दिवशी ते कवच मऊ पडलेले असेल. असे का होते? कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. सिरक्यातले आम्ल त्याला विरघळवते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. चुनखडीचा दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच. लिंबात सायट्रिक आम्ल असते, चिंचेत टार्टारिक आम्ल, दह्यात लॅक्टिक आम्ल. यांपैकी काहीही संगमरवरावर किंवा कडाप्प्यावर सांडले, की हीच क्रिया सुरू होते. ती इतकी हळू असते, की आपल्याला ती दिसत नाही. दिसतो तो नंतर उरलेला चट्टा.

हा चट्टा मी आमच्या घरी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घराचे काम निघाले. आईच्या मनात पांढऱ्या संगमरवराचा ओटा होता. मिस्त्री म्हणाला, “काकू, दगड देखणा आहे, पण त्याला आंबट सोसत नाही. ओट्याला ग्रॅनाइट टाका.” आईने ऐकले नाही. आम्हीही तिला आग्रह केला नाही. कितीतरी वर्षे तिने मातीच्या चुलीपुढे आणि नंतर फुटक्या शहाबादी फरशीवर स्वयंपाक केला होता. तिला पांढरा ओटा हवा होता. बस्स.

ओटा तयार होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. आई लिंबाचे लोणचे घालत होती. अर्धे कापलेले एक लिंबू ओट्यावर पालथे पडून राहिले. रात्रभर ते तसेच होते. सकाळी उचलले, तर खाली बांगडीएवढा गोल चट्टा! रंग बदललेला नव्हता, पण तेवढ्या जागेची चमक गेली होती. हात फिरवला की ती जागा खरखरीत लागे. आईने साबणाने घासले, सोड्याने घासले. चट्टा जाईना. मग एका दुकानदाराने ‘कसलाही डाग घालवणारे’ म्हणून एक बाटली दिली. आईने ती चट्ट्यावर ओतली. ओट्यावर फस्सकन फेस आला. बाटलीत आम्ल होते. बांगडीएवढ्या चट्ट्याचा ताटाएवढा चट्टा झाला. त्या दिवशी आई जेवली नाही. पुढे कितीतरी दिवस त्या जागेवर एक परात पालथी घातलेली असे. पाहुण्यांना कळू नये म्हणून.

चूक कुठे झाली? लिंबू पडून राहिले ही साधी चूक. खरी चूक पुढची. आम्ही चट्ट्याला डाग समजलो.

डाग आणि चट्टा यांतला फरक नीट लक्षात घ्या. डाग, म्हणजे तुमचा दाग, हा बाहेरून आलेला रंग किंवा तेल असते. ते दगडाच्या छिद्रांत शिरून बसते. तिथे दगड शाबूत असतो. आत शिरलेली वस्तू बाहेर काढली की डाग जातो. डाग बहुधा दगडापेक्षा गडद दिसतो. चट्ट्यात बाहेरून काहीच आलेले नसते. उलट दगडाचाच थोडा भाग खाल्ला गेलेला असतो. चट्टा फिकट, निस्तेज दिसतो. जे तिथे नाहीच, ते घासून कसे निघणार? चट्ट्यावर उपाय एकच. तेवढी जागा पुन्हा घासून तिला पॉलिश करणे.

आता सीलरविषयी सांगतो. टाइल्सच्या आणि रंगाच्या दुकानांत स्टोन सीलर नावाचे एक पातळ द्रावण मिळते. पुष्कळांना वाटते, की सीलर म्हणजे वार्निशसारखा दगडावर चढवलेला काचेचा थर. चांगला सीलर तसा नसतो. तो दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि छिद्रांना आतून अस्तर लावतो. त्यामुळे पाणी आणि तेल आत मुरत नाहीत. ती वरच थेंबाच्या रूपाने उभी राहतात आणि आपल्याला पुसायला वेळ मिळतो. हे वाक्य पुन्हा वाचा. वेळ मिळतो, एवढेच. सांडलेली हळद दोन दिवस तशीच ठेवली, तर सीलरही काही करू शकत नाही. आणि सीलर डागापासून वाचवतो, चट्ट्यापासून नाही. लिंबाचा रस छिद्रांत शिरला नाही तरी वरच्या पृष्ठभागाला खातोच. आमच्या ओट्याला सीलर लावलेला असता, तरी तो गोल चट्टा पडलाच असता. दुकानदार ही गोष्ट क्वचितच सांगतात.

मग सीलर कोणी लावावा? ज्याचा दगड पाणी पितो त्याने. फिकट रंगाचे ग्रॅनाइट, संगमरवर, शहाबादी, कोटा यांना त्याचा उपयोग होतो. काळाभोर, घट्ट दगड मात्र बहुधा पाणी पीतच नाही. त्याला सीलर लावला तर तो आत जाणार कुठे? वरच वाळतो आणि ओट्यावर धुरकट पापुद्रा दिसू लागतो. म्हणून आधी पाण्याचा प्रयोग करायचा. दर वर्षी अमुक महिन्यात सीलर लावावा, असे कोणी सांगितले तरी ऐकू नका. पाणी टिपल्यावर जागा काळसर दिसली तर लावा, नाही दिसली तर राहू द्या.

तुमचा दगड चुनखडीच्या कुटुंबातला आहे की नाही, हेही पाहता येते. ओट्याला सिंक बसवताना मिस्त्री मधला चौकोनी तुकडा कापून काढतो. तो तुकडा पुष्कळ घरांत कुठेतरी पडलेला असतो. काही घरांत त्यावर पोळ्या लाटतात. त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूला कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटांनी पुसा. चमक गेली, तर दगड चुनखडीचा. चमक तशीच राहिली, तर ग्रॅनाइटच्या जातीचा. हा प्रयोग ओट्यावर करू नका. नाहीतर मला दोष द्याल!

सीलर लावण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसांनी करायचे आहे. तुम्ही शेजारी उभे राहून त्यांना क्रम सांगा. आदल्या दिवशी ओटा साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून पूर्ण वाळू द्यावा. ओल्या दगडाच्या छिद्रांत पाणी भरलेले असते, मग सीलरला जागा राहत नाही. म्हणून निदान एक दिवस ओट्यावर पाणी सांडू नये. काही सीलर पेट घेणाऱ्या द्रावणात बनवलेले असतात. त्यामुळे गॅस बंद करावा, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात. हातमोजे घालून मऊ फडक्याने सीलर सगळीकडे सारखा लावावा. बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा पाच ते पंधरा मिनिटे, तो दगडात मुरू द्यावा. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वर उरलेला सीलर वाळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून काढावा. पुष्कळ लोक तो तसाच ठेवतात. त्यांना वाटते, जास्त राहिला तर जास्त टिकेल. पण तो चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि नव्या ओट्यावर फडक्याचे फराटे कायमचे उमटतात. दगड अजून पीत असेल तर दुसरा हात द्यावा. मग एक दिवस ओट्यावर पाणी नको आणि कणीकही मळायला नको.

कडाप्प्याच्या ओट्याला अनेक घरांत खोबरेल तेल चोळतात. दगड काळाभोर दिसतो, हे खरे. पण तेल आत मुरते, खवट होते आणि धूळ धरते. दर थोड्या दिवसांनी पुन्हा चोळावे लागते ते वेगळेच. ज्यांना ही सवय आहे त्यांनी निदान तेल चोळून झाल्यावर ओटा कोरड्या फडक्याने खसखसून पुसावा.

रोजच्या देखभालीला कसलीही महागडी बाटली लागत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडके, मग साध्या पाण्याचे फडके आणि शेवटी कोरडे फडके. हे कोरडे फडके आपण विसरतो. बोअरवेलचे पाणी जड असते, म्हणजे त्यात क्षार विरघळलेले असतात. नळाजवळ ते वाळत गेले की पांढरा थर साचतो. तो काढायला लोक सिरका किंवा आम्ल वापरतात, आणि संगमरवर असला तर थराबरोबर दगडही जातो. रोज कोरडे पुसले तर थर साचतच नाही.

तारेची घासणी, वाळूमिश्रित राख, घासण्याची खरखरीत पावडर ही ओट्यापासून दूर ठेवा. फरशी धुण्याचे आम्ल तर घरात नसलेलेच बरे. आणि एक गोष्ट कधीही करू नका. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो श्वासात गेला तर जीवावर बेतू शकते.

डाग पडलाच, तर तो बाहेर ओढून काढायचा. ही युक्ती शिकायला आपण ताजमहालाकडे जाऊ. हवेतल्या धुरामुळे आणि धुळीमुळे ताजमहालाचा संगमरवर पिवळसर पडला. तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याने 1994 पासून अनेकदा त्यावर मुलतानी मातीचा लेप लावला. लेप वाळताना दगडातली घाण शोषून घेतो. मग तो धुऊन टाकतात. घासायचे नाही, खरवडायचे नाही. आम्ल तर मुळीच नाही. ओट्यावरच्या तेलाच्या डागालाही हेच करता येते. खाण्याचा सोडा किंवा मुलतानी माती पाण्यात कालवून दह्यापेक्षा थोडी घट्ट करा. डागावर बोटाच्या अर्ध्या जाडीचा थर द्या. वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने कागद काढा, लेप पूर्ण वाळू द्या आणि मग तो लाकडी चमच्याने हलकेच उचला. एका लेपात डाग जाईलच असे नाही. तीन-चार वेळा करावे लागते. धीर धरा.

हळदीचा डाग हट्टी असतो. साबण लागला की तो लाल होतो आणि घरातली माणसे दचकतात. त्यात काळजीचे काही नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कलीत लाल होते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाहिले असेल. हळदीचा रंग उन्हात उडतो. त्यामुळे ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल, तर अर्धे काम ऊनच करते. लोखंडी तव्याखाली किंवा डब्याखाली पडलेला गंजाचा नारिंगी डाग मात्र घरच्या लेपाने जात नाही. त्यासाठी ओट्यावर ओले लोखंड ठेवू नये, हाच उपाय.

उष्णतेविषयीही थोडे सांगायला हवे. ग्रॅनाइट उष्णता सोसतो. तरी थंडगार ओट्याच्या एकाच जागी जळते पातेले ठेवले, तर ती जागा एकदम फुगते, भोवतालची फुगत नाही आणि तडा जाऊ शकतो. सिंकच्या आणि शेगडीच्या कापाजवळ दगडाची पट्टी अरुंद असते. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. म्हणून पातेल्याखाली लाकडी पाट किंवा कापडाची चुंबळ ठेवावी. वरच्या फळीवरचा डबा काढायला त्या अरुंद पट्टीवर चढून उभेही राहू नये. भिंत आणि ओटा यांच्या सांध्यातला मसाला निघाला असेल तर तो वेळीच भरून घ्यावा. नाहीतर पाणी झिरपते आणि भिंतीला ओल येते.

आमच्या ओट्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. वर्षभराने पैसे जमले, तेव्हा एक पॉलिशवाला आला. त्याने घासायच्या वेगवेगळ्या दगडांनी, आधी जाड, मग बारीक, पाणी घालत घालत ती जागा घासली. पाच तासांनी चट्टा गेला. आईने परात उचलून जागेवर ठेवली. मी त्या माणसाला विचारले, “एवढे पाणी कशाला?” तो म्हणाला, “धूळ उडू नये म्हणून. माझे वडील हेच काम कोरडे करायचे. शेवटी त्यांना जिना चढवत नव्हता.”

दगड कोरडा कापताना किंवा घासताना जी धूळ उडते, तिच्यात क्वार्ट्झ असेल तर ती फार घातक असते. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका. तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि फुप्फुसे हळूहळू कडक होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे अनेक कामगार या रोगाने गेले. गुजरातमधल्या खंबातला अकीक घासणाऱ्यांचेही तेच झाले. राजस्थानात दगडाच्या खाणी पुष्कळ, म्हणून त्या राज्याने 2019 मध्ये सिलिकोसिसविषयी वेगळे धोरण आखले. ऑस्ट्रेलियात तर 1 जुलै 2024 पासून कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी आली, कारण त्याचे ओटे कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले होते. त्या दगडात सिलिका नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकते. संगमरवरात सिलिका फार थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये मात्र ती बरीच असते.

तुमच्या घरी ओट्याचे काम निघाले, तर मिस्त्रीला दगड शक्यतो मोकळ्या जागेत आणि पाणी घालून कापायला सांगा. त्याला पाण्याची बादली भरून द्या. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा चांगला मास्क लागतो. तो घरातल्या मोठ्यांनी सामानाबरोबरच आणून द्यावा. काम चालू असताना लहान भावंडांना दुसऱ्या खोलीत ठेवा. खाली पडलेली भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पॉलिशचा जो पांढरा राडा निघतो, तो मोरीत ओतू नका. तो पाइपात जाऊन सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत रात्रभर ठेवला की राडा तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून द्यायचे, आणि तळाचा गाळ ओला असतानाच पिशवीत भरून मिस्त्रीच्या बाकीच्या राबिटाबरोबर पाठवून द्यायचा.